तीनदा नको

प्रयोगशाळेच्या भिंतीवर ‘मनकवड्या पडद्या’चं कौतुक झळकत होतं आणि ते बघून विशाखा आठल्येच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. तिचे वडील, तात्या, मिरजेच्या इस्पितळात अतिदक्षता विभागात होते. त्यांच्या घरी ह्याच पडद्याची चाचणी चालू होती. काल छातीत कळ आली तेव्हा त्यांनी मदतीचं लाल बटन शोधलं, तर ते पडद्यावर नव्हतंच! शेजारच्या जमादारकाकू डबा परत करायला आल्या, म्हणून जीव वाचला.

“बटन काढलं कुणी?” तिनं प्रमुखांना, सरदेशमुखांना, विचारलं.

“तात्यांनीच,” सरदेशमुख शांतपणे म्हणाले. “आपला संकोचमापक बोटाची चाल वाचतो. बोट बटनापाशी आलं, घुटमळलं, मागे गेलं, असं लागोपाठ तीनदा झालं की ते बटन माणसाला नको आहे, असं ठरतं. मग पडदा ते काढून टाकतो. समोर फक्त हवं तेवढंच. डोक्याला ताप नाही. आता सगळीकडे हीच पद्धत येतेय.”

“अहो, तात्या चहासुद्धा तीनदा नको म्हटल्याशिवाय घेत नाहीत! उगाच कशाला डॉक्टरांना त्रास, म्हणून बोट मागे घेतलं असणार. भिडेखातर म्हटलेलं नको आणि खरं नको, एवढंही कळत नाही ह्या दीडशहाण्याला?”

“यंत्राला भीड नसते, विशाखा.”

“तुम्हाला तरी कुठे आहे!”

सरदेशमुखांनी ते कानाआड केलं. आज दुपारी हा पडदा राज्यातल्या एकट्या राहणाऱ्या साऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी सुरू व्हायचा होता. पाचही रचनाकारांनी आपापल्या पडद्यावर ‘मान्य’ दाबलं की झालं. चौघांनी दाबलं होतं. उरली होती विशाखा.

ती तणतणत जागेवर येऊन बसली. ‘अमान्य’ दाबायला बोट उचललं आणि तसंच थांबलं. पडद्यावर एकच बटन होतं, ‘मान्य’.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दर बैठकीत तिचं बोट ‘अमान्य’कडे जायचं आणि साहेबांना कशाला दुखवा, म्हणून परत यायचं. शेवटी तात्यांचीच लेक! तिला स्वतःचाच असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्या चौघांचंही असंच झालं असणार.

“दाबत नसशील तर ऊठ,” मागून सरदेशमुख म्हणाले. “तुझ्या जागेवरून मी दाबतो.”

विशाखानं डोळे पुसले. “दाबते ना, सर.”

तिनं बोट ‘मान्य’पाशी नेलं, घुटमळवलं आणि मागे घेतलं.

“अगं, दाब!”

“नको, राहू दे सर.” पुन्हा बोट पुढे, पुन्हा मागे.

“कसला विचार करतेस एवढा? दाब म्हणतो ना!”

“नको बाई. भीती वाटते.” तिसऱ्यांदा बोट गेलं आणि परत आलं.

‘मान्य’ हळूहळू फिकट झालं आणि गेलं. पडदा कोरा करकरीत.

“बटन कुठे गेलं?” सरदेशमुख ओरडले.

विशाखा उठली आणि तिनं खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

“बसा ना, सर,” ती म्हणाली. “संकोच करू नका.”