घारराणीचे पंख

"माझे पंख द्या! आता माझा नंबर येईल!" ताईने टेबलावर हात आपटला.

"कुठले पंख?" प्रवेशद्वारावरच्या शिट्टीवाल्या काकांनी वर पाहिलंसुद्धा नाही. सकाळी 'गर्दीत कुणाच्या डोळ्यात जातील' म्हणून त्यांनीच ते ठेवून घेतले होते!

चित्रकथांच्या त्या मेळ्यात मुखवटे, शेपट्या, तलवारी यांची झुंबड उडाली होती. वेशभूषा स्पर्धेत जो जिंकेल, त्याला 'घारराणी' ही चित्रकथा रेखाटणाऱ्या चित्रकारबाई पुढच्या अंकात काढणार होत्या. त्यासाठी ताईने अख्खी सुट्टी थर्माकोल कापण्यात घालवली होती.

काका उठून लगबगीने मंचाकडे निघाले. ताई आणि तिचे दोघे भाऊ मागोमाग.

"ताई, ते बघ!" धाकटा भाऊ मिरची ओरडला. पायऱ्यांशी एक दाढीवाला तरुण उभा होता. पाठीवर ताईचेच पंख! फक्त आता लालभडक. काका त्याचा पट्टा आवळत होते. "भाच्या, मान ताठ ठेव!"

आतेभाऊ ढोल्याने बाह्या सरसावल्या. "जाऊन ओढून घेऊ?"

"थांब." ताईने गुपचूप मागून निरखलं. ओल्या स्प्रे-रंगाचा उग्र वास येत होता आणि थर्माकोलला खड्डे पडत होते. "अडाणी कुठला! स्प्रेने थर्माकोल विरघळतो. पुढून मी गोंदाचे तीन थर दिलेत, तिथे रंग आत शिरत नाही. मागे द्यायला गोंदच उरला नाही."

"मग सांग ना कुणाला तरी! पंख वाचतील!" मिरची रडकुंडीला आला.

ताई दातओठ खात म्हणाली, "नाही वाचले तरी चालतील. याची सगळ्यांसमोर फजिती झालीच पाहिजे! चला, पुढे बसू."

भाचा मंचावर चढला. "हे पंख मी स्वतः बनवले!"

"उडून दाखवा!" तिघं ओरडली. सगळ्या सभागृहाने ठेका धरला. "उडून दाखवा!"

भाच्याने ऐटीत हात फडफडवले आणि... कडाड! आधी डावा पंख मोडला, मग उजवा. पांढरे दाणे उडाले, दाढीत चिकटले, भुवयांत चिकटले. हशाच हशा!

चित्रकारबाईंनी एक तुकडा उचलला. "रंगाआधी पुढून काय लावलं होतं?"

"पाणी?" भाचा पुटपुटला.

"गोंद! तीन थर!" ताई ताडकन उभी राहिली. "पंख माझे आहेत! या काकांनी दारावर काढून घेतले!"

"मामाच म्हणाला, कुणाला कळणार नाही," भाच्याने खापर फोडलं. काकांचा चेहरा पडला.

बाईंनी ताईला मंचावर घेतलं. "शाब्बास! हात झकास आहे तुझा. पुढच्या अंकात पंखांसकट तूच!"

"आणि यांना शिक्षा?" मिरचीने विचारलं.

"दोघांनी मंच साफ करायचा. झाडूने दाणे उडतात, तेव्हा हाताने वेचून!"

तिघं मंचाच्या कडेला पाय हलवत बसली. काका रांगत जवळ आले. "पोरी, चुकलं. माफ कर आता."

"पडद्यामागे दाणे राहिलेत, काका," ताई म्हणाली. "तेही वेचा."