उतारावरची फेन्स

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्यासोबत घडली आहे, आणि माझ्या शेजारी आणखी एक जण उभे होते. ते कबूल करणार नाहीत, तो भाग वेगळा.

गेल्या ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. व्हर्जिनियात, आमच्या अ‍ॅशबर्नच्या पश्चिमेला तासाभराच्या ड्राइव्हवर असलेलं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

आधी थोडं बाबांबद्दल.

माझे बाबा, डॉ. शंकरराव रामटेके, घोड्यांचे डॉक्टर होते. शिक्षण नागपूरचं, बाकी सगळं आयुष्य इथलं. आमचं बौद्ध घर. आत्मा, भूत, पुनर्जन्म यांना आमच्याकडे थारा नव्हता. कुणी असलं काही बोललं की बाबा शांतपणे म्हणायचे, "पुरावा आण, मग चहा घेऊ."

म्हणून हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

बाबा अडथळ्यांच्या शर्यतींवर ड्यूटी करायचे. घोडे फांद्या रचून केलेल्या, कुंपणासारख्या उंच फेन्सवरून भरधाव उड्या मारतात. कधी एखादा पडतो. पाय असा मोडतो की पुन्हा जुळणं शक्य नसतं. मग माणसं धावत येऊन घोड्याभोवती हिरवा पडदा धरतात आणि आत डॉक्टर इंजेक्शन देतो. प्रेक्षकांना दिसू नये म्हणून पडदा.

पडदा धरणाऱ्यांचा एक नियम असतो. तोंड बाहेर, पाठ घोड्याकडे. मागे वळून पाहायचं नाही.

कॉलेजात असल्यापासून मी बाबांसाठी पडदा धरत आले. त्यामुळे त्यांचं हे काम मी फक्त ऐकलं. पाहिलं कधीच नाही.

आधी घोड्याचा श्वास ऐकू यायचा... मग डावा पाय जरा ओढत येणारी बाबांची पावलं... गवतात गुडघे टेकल्याचा आवाज... आणि मग बाबांचा आवाज. हळू, मराठीत.

"हं राजा... पडून राहा. आता नाही दुखणार."

घोडा असो, घोडी असो, सगळ्यांना राजा. जे उठणार नाहीत, फक्त त्यांनाच ते हे म्हणायचे. बाकीच्यांशी इंग्रजीत बोलायचे.

त्या मैदानावर उताराला एक फेन्स होती. तिथे दरवर्षी एखादा घोडा जिवानिशी जायचा. बाबांचं म्हणणं साधं होतं. शेवटच्या शर्यतीला सूर्य बरोबर त्या फेन्सच्या मागे उतरतो, घोड्याला उडी कुठून घ्यायची ते दिसतच नाही. एवढ्या एका शर्यतीला ती वगळा, घोडे बाजूने जाऊ द्या. आयोजक दरवेळी मान हलवायचे आणि दरवेळी म्हणायचे, जुनी फेन्स आहे, लोक तीच बघायला येतात.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत दारातलं बर्फ उपसताना बाबा गेले.

ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा पडदा धरायला नाव दिलं. उतारावरच्या फेन्सपाशी. यावर्षी तिथे कुणी मरू नये, एवढंच मला हवं होतं. बाबांनी अर्ध्यावर सोडलेलं तेवढंच काम मला दिसत होतं.

सोबत राकेश काका आले. बाबांचे नागपूरपासूनचे मित्र, डेटा सेंटरमधून रिटायर झालेले. पडद्याची दुसरी काठी त्यांच्या हातात होती, आणि खिशात चिवड्याची पुडी.

"काहून इतकी गप्प आहेस?" ते म्हणाले.

"काही नाही, काका."

"तुझ्या बाबाला अख्ख्या व्हर्जिनियात एक मराठी श्रोता मिळाला नाही. शेवटी घोड्यांना पकडलं त्याने. आडवा पडलेला घोडा, उठून जाणार कुठे?"

मी हसले. बऱ्याच महिन्यांनी.

दुपारच्या सगळ्या शर्यती नीट पार पडल्या. शेवटची उरली. काका पाणी आणायला गेले. मी फेन्सकडे पाठ करून टेकडीवरची गर्दी पाहत उभी होते. वारा पडला होता. पाखरंही गप्प.

आणि मागून...

गवतात गुडघे टेकल्याचा आवाज आला.

"हं राजा... पडून राहा."

मी लगेच वळले. सवय मोडून वळले.

मोकळं गवत होतं. फेन्स होती. तिच्यावरून सरळ डोळ्यांत येणारा सूर्य होता.

शर्यत सुरूही झाली नव्हती. कुणी पडलं नव्हतं. पण ते शब्द कुणासाठी असतात, हे मला माहीत होतं. मी धावत सुटले.

नवीन डॉक्टर केट नावाची तरुण मुलगी. तिच्याशेजारी शर्यतीचे मुख्य अधिकारी उभे होते, उंच, म्हातारे. आवाजाबद्दल मी त्यांना काय सांगणार? मी बाबांचंच म्हणणं मांडलं.

"तुमच्या वडिलांचं मला पाठ आहे," ते म्हणाले. सौम्यपणे, पण घड्याळाकडे बघत.

"मग एकदा तिथे उभे राहा. घोडा येतो त्या बाजूला, घोड्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यांनी तुम्हाला किती वर्षं बोलावलं. एकदा तरी या."

ते नकोच म्हणणार होते. केट म्हणाली, "सर, मी येते तुमच्यासोबत. नाहीतर पडद्याआड बसून इंजेक्शन मलाच द्यायचं आहे."

ते आले. किंचित वाकून फेन्सकडे तोंड करून उभे राहिले. कपाळावर हात धरला. तरी डोळे मिटले त्यांचे.

 मग वॉकी-टॉकी तोंडाशी नेला. "उतारावरची फेन्स वगळा."

माणसांनी फेन्ससमोर नारिंगी खुणा रोवल्या. काका परत आले, त्यांना मी एवढंच सांगितलं, "ऐकलं त्यांनी शेवटी." काकांनी डोळे पुसले आणि चिवडा पुढे केला.

शर्यत सुटली.

घोडे उतारावरून आले, जमीन हादरली, आणि सगळेच्या सगळे फेन्सच्या बाजूने सरळ पुढे गेले. आम्ही वळून त्यांच्याकडे बघत राहिलो. मैदानाला वळसा घालून समोरच्या चढाला लागलेले सगळे दिसत होते. एकही मागे राहिला नव्हता.

फेन्स आता आमच्या पाठीमागे होती.

आणि पाठीमागून...

टापा.

एकाच घोड्याच्या. उतारावरून, जोरात येणाऱ्या.

फेन्सच्या फांद्या सळसळल्या... आणि काहीतरी खूप जड जमिनीवर आदळलं. तळपायांना कळलं ते.

मग श्वास. घरघरणारा, तुटक.

मग गवतातली पावलं. सावकाश, जरा डावा पाय ओढत चालणारी. ती चाल मी कुठेही ओळखली असती.

काकांनी चिवड्याची पुडी खिशात कोंबली आणि काठी दोन्ही हातांनी धरली. आमच्या दोघांमधला हिरवा कपडा हलत होता, वारा नसताना.

"आता नाही दुखणार, राजा... आता नाही दुखणार."

मला वळायचं होतं. आठ महिने मी त्या आवाजासाठी जुने व्हॉइस मेसेज ऐकत होते. वळले असते तर कदाचित बाबा दिसले असते. मोकळं गवत दिसलं असतं, तर मात्र ते मी पुन्हा सहन करू शकले नसते.

मी पाठ करून उभी राहिले. श्वास थांबेपर्यंत.

सगळे घोडे सुखरूप परत आले. केटने गाडीपाशी येऊन मला मिठी मारली.

 परतीच्या वाटेवर, घर जवळ आल्यावर काका म्हणाले, "मी काही ऐकलं नाही."

मी काही विचारलंच नव्हतं.

आयोजकांनी हिवाळ्यात ती फेन्स कायमची काढली. तसा मला फोनही केला. म्हणाले, तुमच्या वडिलांचं ऐकायला आम्ही फार उशीर केला.

एप्रिलमध्ये मी एकटीच तिथे गेले. आठवड्यातला मधला दिवस, भर दुपार. मैदानात कुणी नव्हतं. फेन्सच्या जागी नवं गवत उगवलं होतं. मी तिथे बसले. खूप वेळ बसले.

काही नाही. पाखरं बोलत होती.

मला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं. पुराव्याशिवाय काही न मानणारा माणूस अखेर आपल्या मताप्रमाणे शांत झाला, असं मी मनाशी म्हटलं आणि गाडीकडे निघाले.

वाट पुढच्या फेन्सजवळून जाते. ओढ्याजवळची, बुटकी, साधी फेन्स. तिथे आजवर कधी काही झालेलं नाही.

तिच्यापाशी पोहोचले... आणि पाखरं गप्प झाली.

गवतात, माझ्या अगदी मागे, कुणीतरी सावकाश गुडघे टेकले.

मी वळले नाही. ऑक्टोबरची शर्यत अजून लांब आहे. कुणाला काय सांगायचं, हे माझं अजून ठरत नाही.