दक्षिणेकडे झुकलेली बकुळ

हे माझ्याच घरात घडलंय. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ऐकीव गोष्टी सांगायची मला सवय नाही. तारखा आणि आकडे वहीत आहेत.

जागा मरोळ, आमचा तिसरा मजला. रविवार, १७ नोव्हेंबर २०२४. दुपारचे तीन.

माझा नवरा अनिरुद्ध जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. हॉलमध्ये, दक्षिणेच्या भिंतीपाशी त्याची कॉट होती. तिथेच गेला. मागे राहिलं ते त्याने बीपासून वाढवलेलं बकुळीचं रोप. कुंडीतलं, हातभर उंच.

ते जगवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. बाकी काही वाटत नव्हतं. रडूही आलं नव्हतं.

समोर नवा टॉवर झाल्यापासून घरात ऊन येत नाही. म्हणून कुंडी पूर्वेच्या खिडकीला चिकटवून ठेवली. रोप उजेडाकडे झुकतं, हे शाळेतलं पोरही सांगेल.

ते खिडकीकडे झुकलं नाही.

भिंतीकडे झुकलं...

कुंडी अर्धी फिरवली. आठ दिवसांत शेंडा परत भिंतीकडे. तीनदा फिरवली. तीनदा तेच. पानं पिवळी पडून गळायला लागली.

त्या रविवारी प्रयोगशाळेतला लक्समीटर घरी आणला. त्याने उजेड मोजतात. पडदे ओढले. कॉटच्या रिकाम्या जागेत स्टूल ठेवून त्यावर मीटर ठेवला. तोंड खोलीकडे केलं. तीन.

तोंड भिंतीकडे केलं...

अकरा.

समोर फक्त भिंत होती. पिवळट, कोरी. मध्ये हात धरला. तीन. हात काढला...

अकरा.

तेलाची एक वात फूटभर अंतरावर साधारण एवढाच उजेड देते.

सासूबाई बाहेर आल्या. "काय मोजतेस गं?"

मी सांगितलं. त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"तरी तेव्हा म्हणत होते. माणूस गेला त्या जागी तेलाचा दिवा लावायचा असतो. दक्षिणेकडे वात करून."

"आई, घरात ऑक्सिजनचे सिलिंडर होते. ज्योत कशी लावणार? बल्ब ठेवला होता ना तेरा दिवस."

"बल्बला वात कुठाय? कुठल्या दिशेला जायचं, हे त्याला कळणार कसं?"

"मग आता लावू?"

"आता काय लावतेस! त्याचा तोच लावून बसलाय."

त्या आत निघून गेल्या. मी आकडे वहीत लिहिले.

अकरा लक्सवर झाड जगत नाही. हजार तरी लागतात. ते भिंतीकडे बघत मेलंच असतं. सोमवारी कुंडी उचलून सर्वात वरच्या मजल्यावर, माझी मैत्रीण मनालीच्या गच्चीत नेली.

"यार रेवती, मेलं तर मला शिव्या घालशील."

"नाही घालणार. ऊन दे फक्त."

रोप जगलं. महिन्याभरात सरळ झालं, कोवळी पालवी आली.

मला बरं वाटायला हवं होतं.

मीटर अजून परत केलेला नाही. त्याच स्टुलावर आहे, तोंड भिंतीकडे. रोज पडदे ओढून आकडा लिहिते. डिसेंबरात अकरा. मार्चमध्ये एकोणीस. जूनमध्ये चव्वेचाळीस.

अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो. मीटर मी हलवलेला नाही.

गेल्या आठवड्यात मनाली घरी आली होती. चहा घेताना एकदम म्हणाली, "मान लचकलीये का गं तुझी? वाकडी धरून बसलीयेस कधीची."

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

डाव्या हाताला ती भिंत होती. मी उठले. समोरच्या खुर्चीत, उलट तोंड करून बसले. "आणि आता?"

ती हसली. मग हसायची थांबली.

"आता उजव्या... काय चाललंय रेवती?"

दुखत काहीच नाही. म्हणून डॉक्टरकडे गेलेले नाही.