लखीरामने स्टेअरिंग वळवलं नाही

ड्रायव्हर पुष्कळ पाहिले, पण लखीरामसारखा काळजाचा माणूस घाटंजीच्या रस्त्यावर दुसरा झाला नाही, हे मी कोणालाही ठणकावून सांगेन.

भाव नाही म्हणून लोकांनी कापूस घरातच कोंबून ठेवला होता, ते दिवस. दिवेलागणीला शेजारच्या गावच्या कांताबाई धापा टाकत लखीरामच्या तांड्यावर आल्या. त्यांच्या लेकीला, मैत्रेयीला, कळा सुटल्या होत्या आणि मूल आडवं होतं. यवतमाळला नेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. लखीरामने लगेच जीप काढली. मागे घरच्याच कापसाची गादी केली, त्यांच्या गावी जाऊन मैत्रेयीला तिच्यावर निजवलं, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन कांताबाई बसल्या.

घाट लागला. उतार, डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी. एवढ्यात झुडपातून घोड्याएवढा रोही, म्हणजे नीलगाय, थेट रस्त्यात! लखीरामने ब्रेक दाबला, पण स्टेअरिंग केसभरही हलवलं नाही. रोही बोनेटला चाटून निघून गेला.

"अरे, वळवाचं नाही का रे बाप्पा!" कांताबाई ओरडल्या.

"मावशी, असं काही आडवं आलं का हात आपोआप वळते. तो वळू द्याचा नाही. वळला का आडवं आलेलं वाचते, अन् गाडीतले दरीत जाते."

अंधार दाटला. कुठूनसा जळक्या कापसाचा वास आला. इंजिनाचा आवाजसुद्धा दबून गेला, कानात बोळे घातल्यासारखा.

आणि वळण संपताच, लाईटच्या उजेडात, राखी उभी होती. आजीजवळ तांड्यावर ठेवलेली त्याची एकुलती एक लेक. पायात चप्पल नाही, दोन्ही हात पसरलेले.

"बा..."

लखीरामचे हात उजवीकडे खेचले जात होते, कोणी मनगटं धरून ओढावीत तसे. मागे मैत्रेयीने टाहो फोडला. त्याने दात आवळले, सारा भार ब्रेकवर टाकला आणि स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं.

जीप घसरत राखीवरून गेली. आवाज काहीच झाला नाही. गाडी थांबल्यावर तो उतरला, चाकांखाली हात घालून चाचपलं. नुसती धूळ.

"काय झालं रे?... रस्ता तं रिकामा होता," कांताबाई पुटपुटल्या.

तो पुन्हा बसला आणि गाडी हाणली. काय म्हणावं या माणसाला! पोटच्या पोरीवरून गाडी गेलेली डोळ्यांनी पाहिली, आणि तरी परक्याची पोर वेळेत दवाखान्यात पोचवली. मैत्रेयी सुखरूप सुटली, मुलगा झाला. कांताबाईंनी त्याचे हात आपल्या कपाळाला लावले.

"तुह्या या हातानं दोन जीव वाचले रे, लेका."

उजाडताना तो तांड्यावर परतला. राखी अंगणात बसलेली, धडधाकट. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने तिला उचलायला हात पुढे केले, तशी ती मागे सरकली.

"बा," ती हळूच म्हणाली, "तू मले पाहलं नं... मंग गाडी वळवली काहून नाही?"