दाराबाहेरच्या चपला

हे माझ्याबाबतीत खरंच घडलंय. पटलं नाही तरी चालेल, मलाही ते अजून पचलेलं नाही.

मे २००७. शनिवार, दुपारचे दोन. पिंपळगाव बसवंतचं एक कोल्ड स्टोरेज.

मी, सुवर्णा, तेव्हा नाशिकला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. रोबोट स्पर्धा आठ दिवसांवर आलेली. माझा जोडीदार मुझफ्फर. द्राक्षांचा हंगाम संपला होता, म्हणून त्याच्या मामूंनी एक रिकामी खोली सरावाला दिली होती. रोबोटच्या चारही बाजूंना चार कॅमेरे. त्यांची चित्रं वायरलेसने लॅपटॉपवर यायची, पण तीन-चार सेकंद उशिरा. त्यावरून आमची रोज भांडणं.

तिथला एक नियम होता. आत जाताना चपला दाराबाहेर काढायच्या. झाडलोट करणाऱ्या सुलाबाई चपला बघूनच दार लावायच्या. चपला दिसल्या, तर आत माणूस आहे.

मी दीडशहाणी. फरशी गार लागते म्हणून चपला घालूनच आत गेले.

मुझफ्फर बॅटरी आणायला बाजारात गेला होता. दोनच्या आत खोली सोडा, सोमवारपर्यंत थंडीच्या मशीनची चाचणी आहे, असं मामूंनी बजावलं होतं. मी अजून पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं करत बसले.

मागे जड दार लागलं. बाहेरून कडी पडली. दिवे गेले.

मी ओरडले. दार बडवलं. मोबाईलला रेंज नव्हती.

वर पंखे घरघरू लागले...

मुझफ्फर आला तरी बाहेर चपला नाहीत. मी घरी गेले असंच तो समजणार. सोमवारपर्यंत त्या थंडीत मी जगले नसते, हे मला तेव्हाच कळलं आणि रडू फुटलं.

उजेड फक्त लॅपटॉपचा आणि पलीकडे उभ्या रोबोटच्या बारीक दिव्यांचा.

पडद्यावर चार चौकोन. समोर भिंत. डावीकडे भिंत. उजवीकडे मी, अंग चोरून बसलेली.

मागच्या कॅमेऱ्यात...

दोन अनवाणी पाय. बोटांत जोडवी. नखं निळी.

चित्र उशिरा येतं, मी स्वतःला समजावलं. तीन सेकंद थांबले. चार... पाय तिथेच.

मी रोबोट गर्रकन वळवला. समोरच्या चौकोनात कुणीच नाही.

पाय पुन्हा मागच्याच चौकोनात.

मग मी काही बघितलंच नाही. नुसता रोबोट दारावर आदळत राहिले. किती वेळ, माहीत नाही. बोटं बधिर झाली होती.

दार उघडलं. सुलाबाई.

“आवाज आला ना?” मी विचारलं.

“आवाज कसला? चपला दिसल्या, म्हून उघडलं.”

दाराशी बायकी चपलांचा जोड होता. झिजलेला, एक अंगठा तुटलेला.

सुलाबाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं.

“ताई, तुमच्या तर पायात हायेत.”

त्यांनी आत तीनदा हाक मारली. उत्तर आलं नाही. थंडी बाहेर जातेय म्हणून मामू लांबून ओरडले, तेव्हा सुलाबाईंनी खाली चपलांकडे न बघता कडी घातली.

मीही मागे न बघता चालू लागले. मला फक्त घरी जायचं होतं.

माझ्यासाठी कुणीतरी चपला बाहेर ठेवल्या होत्या. आणि आम्ही तिला आत कोंडून आलो...