पाचशे नवलठसे

वैजयंती धामणकरांचं पत्र दर मंगळवारी सकाळी सात वाजता अकराशे चाळीस लोकांच्या ईमेलमध्ये जाऊन पडायचं, आणि त्यातले एकसष्ट जण ते वाचायचे. हा आकडा अंदाजाचा नव्हता. तो नवलठशांचा होता, आणि नवलठशाला खोटं बोलता येत नाही, असं तेव्हा सगळेच धरून चालले होते.

त्याआधीची काही वर्षं नुसता सावळागोंधळ होता. लेखकांची पत्रं यंत्रं लिहीत, वाचकांच्या वतीनं यंत्रंच ती उघडत, आणि 'फार भावलं' असं उत्तरही तीच धाडत. लाखभर वाचकांची यादी मिरवणाऱ्या लेखकाचं पुस्तक काढावं, तर गठ्ठे गोदामात तसेच पडून. प्रकाशक मेटाकुटीला आले तेव्हा त्यांनी नवलठसा स्वीकारला. माणूस एखादा मजकूर पहिल्यांदा वाचतो तेव्हा पुढे काय येणार हे त्याला ठाऊक नसतं. प्रत्येक वळणावर मेंदूला बारीकसं नवल वाटतं आणि डोळ्याची बाहुली केसभर मोठी होते. वाचायच्या चष्म्यातला कॅमेरा ते टिपतो. यंत्राला बाहुली नसते, आणि माणसानं तेच पान दुसऱ्यांदा वाचलं तर नवल उरत नाही. म्हणून एक ठसा म्हणजे एक माणूस. वाचकाचं नावगाव तपासायची गरज नव्हती, आणि खासगीपणाच्या कायद्यानं तशी मुभाही नव्हती. एका पत्राला पाचशे ठसे मिळाले की प्रकाशक त्या लेखकाचं हस्तलिखित हातात घेत. त्याखाली कोणी उघडूनही बघत नसे.

वैजयंतीबाईंनी कादंबरी लिहायला घेतली ती ऋजुता गेल्यावर, चार वर्षांपूर्वी. एकुलती एक मुलगी, नोकरीला बंगळुरूत, तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. कादंबरीत तिचं नाव त्यांनी गार्गी ठेवलं होतं. नावलौकिकाची हौस त्यांना नव्हती. पोरगी कुठेतरी छापलेली राहावी, एवढंच त्यांना हवं होतं. नवी हस्तलिखितं घ्यायची प्रकाशकांची यादी एकतीस मार्चला बंद व्हायची होती, आणि परत कधी उघडेल ते कोणी सांगत नव्हतं.

त्यांनी करायचं ते सगळं करून पाहिलं. जावेला गळ घातली, शाळेतल्या जुन्या शिक्षकांच्या मागे लागल्या. वाचलंस का विचारलं की सगळ्यांचं एकच, "अगं, मस्तच." ठसा मात्र नाही. पत्राचा मथळा बदलला, वार बदलला, शेवटी एकदा कडबोळ्यांची कृतीही घातली. भाजणीचं प्रमाण विचारणारे निघाले, पण एकसष्टाचे त्रेसष्ट झाले आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा एकसष्ट.

फेब्रुवारीत त्या मिलिंदरावांना घेऊन साताऱ्याहून पुण्याच्या स्मृती-दवाखान्यात गेल्या. त्यांच्या यजमानांची मागची दहा वर्षं पुसली गेली होती, आणि नवीन काही वीस मिनिटांवर टिकत नव्हतं. त्यांच्या लेखी ऋजुता शिकत होती आणि सुट्टीला यायची होती.

"हे बघा," डॉ. तेजश्री ओगले यांनी पडद्यावरची रेघ दाखवली. "सकाळपासून यांना एकच पान सहा वेळा दिलं. सहाही वेळा पूर्ण नवलठसा. तुमची-माझी रेघ दुसऱ्याच वेळी सपाट होते."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्यासाठी प्रत्येक वेळ पहिलीच. आठवण पक्की करणाऱ्या पेशी झोपल्यात. आमचं औषध त्यांना जागं करतं. मागचं परत येईल असं नाही म्हणत मी, पण इथून पुढचं राहील."

"कधी सुरू करायचं?"

"मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणा. औषध त्यांच्याच रक्तापासून बनवतो, ते एकतीसपर्यंतच टिकतं. पुन्हा बनवेपर्यंत त्या पेशी मेलेल्या असतील."

परतताना गाडीत बाईंच्या डोक्यात सहाही वेळा पूर्ण, एवढंच घोळत होतं. आपल्या मनात काय आलं याची त्यांना लाज वाटली, आणि सातारा येईपर्यंत ती बरीचशी ओसरली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गार्गीच्या तापाचं प्रकरण पत्र म्हणून पाठवलं. मग नवे वाचक नोंदवायला बसल्या. नावांची वाण नव्हती. तीस वर्षं हजेरी घेतलेली बाई. नववी ब, अडसूळ प्रणितापासून सुरुवात झाली.

"अहो, एवढं वाचून बघा बरं."

मिलिंदराव व्हरांड्यातल्या खुर्चीत चष्मा लावून वाचत. नऊ मिनिटं लागत. तापात गार्गी कानाची पाळी चिमटीत धरून पडते, त्या ओळीला त्यांचा हात थांबायचा. शेवटाला डोळे भरून यायचे.

"बाई बरं लिहिते. कोण गं ही?"

"आहे एक."

"पोर गेली बिचारीची. आपली ऋजुता कधी यायची आहे?"

"येईल सुट्टीला."

वीस मिनिटं जाऊ द्यायची, की हजेरीतलं पुढचं नाव. दिवसाला दहा-बारा ठसे पडत. पहिला आठवडा ती ओळ आली की बाई स्वयंपाकघरात निघून जात. तिसऱ्या आठवड्यात त्या शेजारीच बसून आकड्याकडे बघत होत्या. दवाखान्याचा फोन आला तेव्हा त्यांनी सर्दीचं कारण सांगितलं, पुढच्या वेळी पाहुण्यांचं. अठ्ठावीस मार्चपर्यंत पाचशे होतील असा हिशेब होता, पण मध्ये चार दिवस मिलिंदरावांनी चष्म्याला हात लावू दिला नाही. का, ते त्यांनाही सांगता येईना.

एकतीसला सकाळी आकडा होता चारशे ब्याण्णव.

"एक वाजेपर्यंत या," डॉक्टर फोनवर म्हणाल्या. "आज नाही तर नाहीच."

आठ ठसे म्हणजे चार तास. पुण्याची गाडी दारात उभी होती. बाईंनी मिलिंदरावांना बूट घातले, मग तशाच उंबऱ्यावर बसल्या. पुस्तक गेलं तर ऋजुता गेली, आणि हे बरे झाले तर त्यांना ती गेल्याचं सांगावं लागणार. त्यांनी गाडी परत पाठवली. मग खाली वाकून स्वतःच्या हातांनी बुटांच्या नाड्या सोडल्या.

दुपारी दोन वाजता चारशे नव्व्याण्णव झाले.

"अहो, एवढं वाचून बघा."

आकडा हलेना. 'मजकूर आधी वाचलेला' असं पडद्यावर आलं. बाईंनी पदरानं चष्मा पुसून दिला. पुन्हा तेच. मिलिंदरावांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"पुढे नको," ते म्हणाले. "ह्यात आपली ऋजुता जाते."

"गार्गी आहे ती, अहो."

"कानाची पाळी कोण धरायचं तापात? मला काय माझी पोर कळत नाही?"

बाईंना रडू फुटलं, आणि त्या रडण्यात आशाही होती. त्यांनी डॉक्टरांना फोन लावून सगळं कबूल केलं. "पण त्यांना आठवलं, डॉक्टर. औषधाशिवाय आठवलं."

"दुपारी काय जेवले, विचारा त्यांना."

मिलिंदरावांना सांगता आलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "चारशेहून अधिक वेळा तोच धक्का दिलात तुम्ही. झोपलेल्या पेशींतही एवढ्यानं एक वाट पडते. एकच. ती आता बुजणार नाही. बाकीचं राहायला हवं असतं, तर सकाळी यायचं होतं."

रात्री यादी बंद झाली, चारशे नव्व्याण्णववर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ओट्याशी चहा गाळत होत्या. मिलिंदराव दारात येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी जवळ येऊन त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि त्यांना स्टुलावर बसवलं.

"अगं, ऋजुता गेली," ते म्हणाले. "तुला कोणी कळवलं का?"

वीस मिनिटांनी ते पुन्हा कळवायला आले.