नाव न घेता मारलेली हाक

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, मी कुणाच्या पाया पडत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीच्या, होनोराताच्या बाबतीत घडलं. इलोकोस प्रांतातल्या आमच्या कबारुआन गावात, गेल्या वर्षी, भाताच्या आवणीच्या शेवटच्या संध्याकाळी.

आमच्याकडे शेतातून निघताना मागे वळून आपल्या माणसाला नावाने हाक मारायची. ‘चल, मागे राहू नकोस.’

नाही मारली तर अंग घरी येतं, जीव बांधावरच बसून राहतो.

त्या दिवशी आभाळ भरून आलेलं. होनोराताची सहा वर्षांची नात लिवलिवा दिवसभर चिखलात खेळलेली. शेजारीण कासियाना म्हशीची दोरी धरून खोळंबली होती.

“आटप गं होनोराता. तुझी नावं घेऊन होईपर्यंत माझी म्हैस घरी जाऊन घोरायला लागेल.”

होनोराता हसली. आणि शेताकडे तोंड करून एका दमात म्हणाली, “चला रे, जे कोण असाल ते. कुणी मागे राहू नका.”

नाव कुणाचंच नाही.

बेडूक गप्प झाले…

बांधावरून कासियाना पुढे, लिवलिवाचा हात होनोराताच्या हातात. तरी मागून चिखलात पावलं वाजत होती. चपक… चपक…

तिने वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

घराच्या शिडीपाशी तिने करवंटीत पाणी घेतलं, पोरीचे पाय धुवायला.

पाय कोरडे होते. स्वच्छ.

पोरगी वर चढली. आमची घरं बांबूची, मांजर चाललं तरी जमीन कुरकुरते. तिच्या पावलांखाली काहीच वाजलं नाही.

कुरकुर झाली ती कोपऱ्यात… जिथे कुणी नव्हतं.

कुत्रं शेपूट घालून घराखाली शिरलं.

पाऊस सुरू झाला. लिवलिवा भाताला हात लावेना.

“जेव की गं बाळा.”

“आजी, मी घरी कधी येणार?”

“घरीच तर आहेस.”

“नाही. मी बांधावर आहे. भिजतेय.”

होनोराताने पोरीचा सदरा उचलला. आईविना वाढवलेली पोर, तिच्याशिवाय होनोराताला दुसरं होतं कोण? पोरीला आपल्या सुनेकडे सोपवून कासियाना कंदील घेऊन सोबत आली. या वेळी थट्टा नाही. म्हैस पाहिल्याशिवाय झोप न येणारी बाई, गोठ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने.

बांधावर होनोराताने सदरा पसरला.

“लिवलिवा, चल घरी. मागे राहू नकोस.”

फक्त पाऊस.

“लिवलिवा, आजी आलीय बघ.”

काही नाही…

पुन्हा हाक मारली, तेव्हा तो सदरा जड झाला. पावसाने नव्हे. भिजलेलं पोर कडेवर घेतल्यासारखा. ती मागे न बघता चालत राहिली.

घरी पोर उठून बसलेली. “आजी, भूक लागली.”

कासियानाच्या सुनेने शपथ घेतली, पोरगी जागची हलली नव्हती.

पाय मात्र घोट्यापर्यंत चिखलात माखलेले.

नात परत आली. पण त्या हाकेवर दुसरं जे घरात आलं, त्याचं काय? नावच ठाऊक नाही, परत धाडायचं तरी कसं? होनोराता रोज कोपऱ्यात भाताचं ताट ठेवायची. कुरकुर रोज व्हायची.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. तिला चार शब्द सुनावले. “आईने एवढं शिकवलं, आणि तू सगळ्या गावाला आमंत्रण देऊन मोकळी.”

“बास की ताई. भोगतेय ना मी.”

निघताना मी शेतातल्यासारखीच स्वतःला नाव घेऊन हाक मारली. स्पष्ट, फक्त माझं.

शिडी उतरून खाली आले…

आणि माझ्या मागे वरची पायरी कुरकुरली.

मग खालची.

परवा होनोराताचा निरोप आला. ‘ताई, कोपरा एकदम शांत झालाय. देव पावला.’

मी तिला अजून काही कळवलेलं नाही.

माझ्या घरात मी संध्याकाळी एक ताट जास्त वाढते, एवढंच.